नको म्हणायची रीत

"दरसाल मी नको म्हनस, अन् दरसाल या माले हार घालतस. दोरा टोचस मानले."

अभिमन आबा हे पुटपुटले ते माझ्या कानापासून वीतभर अंतरावर. मी त्यांच्या बशीत चहा ओतत होते. समोर कार्यकारिणीची बैठक चालली होती आणि धुळ्याच्या मंगल कार्यालयात पंखे किती आहेत यावर सगळे हिरिरीने बोलत होते. अधिवेशन जानेवारीत होतं, पण पंख्यांचा विषय निघाला की आमच्या खानदेशात महिना कोणी पाहत नाही. मी हसले, म्हटलं, आबा, या वर्षी मऊ दोऱ्याचा सांगते. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहाऐवजी भलतंच काही वाढलंय. मग बशी तोंडाला लावली.

एकोणनव्वद सालची ही गोष्ट. आमचं तापीखोरे अभ्यास मंडळ तेव्हा दहाबारा वर्षांचं झालं होतं. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठचं जे काही जुनं असेल ते गोळा करायचं, अभ्यासायचं आणि वर्षातून एकदा दोन दिवस जमून एकमेकांना ऐकवायचं, हे मंडळाचं काम. शिलालेख, नाणी, पुराच्या आठवणी, जात्यावरच्या ओव्या, बुजलेल्या विहिरी, सगळं चालायचं. सभासद म्हणजे मास्तर, वकील, एक डॉक्टर आणि घरच्यांनी ऐकणं सोडून दिलेले बरेचसे पेन्शनर.

अधिवेशन एक वर्ष जळगावला, एक वर्ष धुळ्याला. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश इंग्रजांनी वेगळे केले. भांडण मात्र आम्ही आमच्या हातांनी वाढवलं. जळगावच्या लोकांना वाटायचं धुळ्याला वांगी कळत नाहीत. धुळ्याच्या लोकांना वाटायचं जळगावला वांग्यापलीकडे काही कळत नाही.

मंडळाच्या चिटणीस होत्या पुष्पाबाई, माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना अक्का म्हणते. अक्का जळगावला मुलींच्या शाळेत शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात मंडळ चालवायच्या. शाळेतले लोक हे उलटं सांगतात. कोणाचा निबंध केव्हा, पुण्याहून येणारा पाहुणा चाळीसगावला गाडी बदलताना चुकणार नाही ना, कोणा दोघांना एका खोलीत झोपवायचं नाही, सगळं अक्कांच्या डोक्यात. मी भोजन समितीची प्रमुख. समितीत दुसरं कोणी नव्हतं. पहिल्या अधिवेशनाला मी पोळ्या करायला म्हणून गेले आणि दाराआडून एक निबंध ऐकला, तो पुराचा होता. पोळी करपली. तेव्हापासून मीही सभासद.

आता ती रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे भला माणूस पहिल्या झटक्याला हो म्हणत नाही. पंगतीत कणकेची भाजलेली बट्टी वाढायला आलं की पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरायचा. वाढणारीनं तो बाजूला सारायचा. त्यानं पुन्हा धरायचा. तिसऱ्यांदा मात्र त्यानं हात काढून घ्यायचा आणि 'तुम्ही काही ऐकत नाही' असं तोंड करून बट्टी तुपात बुडवायची. जो पहिल्यांदाच ताट पुढे करतो त्याला वाढतात, पण मग घरी गेल्यावर त्याच्याविषयी बोलतात.

मंडळाची निवडणूक अशीच व्हायची. सभेत कोणीतरी म्हणायचं, अध्यक्षपदी आबाच. आबा म्हणायचे, नको, आता मला सोडा. पुन्हा म्हणायचं, आबाच. आबा पुन्हा नको म्हणायचे. तिसऱ्यांदा सगळा सभामंडप म्हणायचा आणि आबा गप्प बसायचे. गप्प बसणं म्हणजे होकार. मग हार. हार मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलेला असायचा. निमंत्रणपत्रिकेवर 'अध्यक्ष : अभिमन आबा' हे निवडणुकीच्या महिनाभर आधी छापलेलं असायचं. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

आबा नरडाण्याचे. निवृत्त हेडमास्तर, सत्तरी केव्हाच ओलांडलेली. मंडळ त्यांनीच काढलं आणि मंडळाची घटनाही त्यांनीच लिहिली, भर उन्हाळ्यात, एका बैठकीत. तिच्यात एक कलम असं होतं, की पुढचं अधिवेशन कुठं भरवायचं ते अध्यक्षांनी ठरवावं. इथंच अक्कांचं घोडं अडलं होतं.

अक्कांचं म्हणणं साधं होतं. आपण तापीखोऱ्याचा अभ्यास करतो आणि आजवर एकदाही तापीकाठी बसलेलो नाही. बसतो कुठं, तर बसस्टँडमागच्या मंगल कार्यालयात, आदल्या लग्नाची तोरणं डोक्यावर घेऊन. नदीवर निबंध वाचायचा आणि बाहेरून रिक्षाचा भोंगा. अधिवेशन काठावरच्या एखाद्या गावी भरवावं, गावच्या बायांना बोलवावं, ज्यांच्या ओव्या आपण उतरवून आणतो त्यांनी समोर बसून त्या आपल्या तोंडानं म्हणाव्यात. हे त्यांनी आबांना कितीदा सांगितलं. आबा म्हणायचे, करू, पुष्पा. मग जळगावकर एका बाजूनं आणि धुळेकर दुसऱ्या बाजूनं आबांना धरायचे आणि नदी राहून जायची.

अक्कांनी अध्यक्ष व्हावं, हे सगळ्यांना कळत होतं. अक्कांना व्हायचंय, हेही सगळ्यांना कळत होतं. पण ते म्हणायचं कोणी? कोणी म्हटलं तर आबांना उठवल्यासारखं होईल. आणि अक्कांनी स्वतः म्हणणं म्हणजे वाढणारी यायच्या आत स्वयंपाकघरात जाऊन बट्टी उचलण्यासारखं.

त्या डिसेंबरात अक्का मला घेऊन मुडावदला गेल्या. पांझरा तिथं तापीला मिळते. मला सांगितलं होतं देवदर्शन, पण देवाला त्यांनी उभ्याउभ्या हात जोडले आणि पुजाऱ्याला विचारलं, इथं ओसरीत माणसं किती झोपतील. मग काठावरून फिरून मंडप कुठं, चुली कुठं, बायांना बसायला सावली कुठं, सगळं मला दाखवलं. दाखवताना त्या पाण्यात केव्हा उतरल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पातळ हातात धरलेलं, चष्मा नाकावर घसरलेला आणि पाण्यात पाय आपटत एवढी शाळेची बाई मला सांगत होती, की इथून आवाज पलीकडल्या काठापर्यंत जातो, लाउडस्पीकर नको. मी म्हटलं, अक्का, तुम्हीच का होत नाही अध्यक्ष?

"छे, मला कशाला?" अक्का म्हणाल्या. पण पाय आपटायचे थांबले. परतीच्या एसटीत त्या खिडकीतून पाहत राहिल्या, आणि खिडकीबाहेर नुसत्या तुरीच होत्या.

तर त्या बैठकीत, जिथं आबांनी माझ्या कानाशी दोऱ्याचं गाऱ्हाणं केलं, तिथं आणखी एक गोष्ट घडली होती. निवडणूक अधिकारी नेमायचा होता. या पदाला काही काम नसे, म्हणून ते नव्या माणसाला देत. नवे होते लोटन देवरे, धुळ्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे, तरुण, नीटनेटके, खिशाला दोन पेनं. त्यांनी लगेच हो म्हटलं. तिथंच आम्ही सावध व्हायला हवं होतं. पहिल्या झटक्याला हो म्हणणारा माणूस काय करील सांगता येत नाही. देवरे सरांनी मंडळाची घटना मागून घेतली आणि घरी नेऊन वाचली. लिहिली गेल्यापासून ती वाचणारे ते पहिलेच.

धुळ्याचं अधिवेशन छान रंगलं. पुण्याचे पाहुणे चाळीसगावला चुकले नाहीत. उलट चाळीसगावचेच युसूफ मास्तर त्यांना हाताला धरून धुळ्याच्या गाडीत घालून घेऊन आले. युसूफ मास्तर आमचे खजिनदार. उर्दू शाळेत शिकवायचे आणि जुन्या फारशी सनदा वाचायचे. बोलायचे कमी. मात्र त्यांचं एक वाक्य पडलं की पाचदहा मिनिटं त्याचीच हवा राहायची.

पहिल्या दिवशी निबंधांसाठी टेबलावर घंटी ठेवली होती, आपण दुकानात वाजवतो तसली, वरून टिचकी मारायची. वेळ संपली की अक्का टिचकी मारणार. रतिलालभाईंचा निबंध जुन्या नाण्यांवर होता. रतिलालभाई धुळ्याचे कापडवाले, मोठे हौशी, आणि नाण्यांविषयी बोलायला लागले की त्यांना राजवटी बदललेल्या कळत नाहीत. अक्कांनी एकदा घंटी मारली. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा त्यांनी बोलताबोलता घंटी उचलली, कोटाच्या खिशात टाकली आणि पुढच्या सुलतानाकडे वळले. मागे बसलेल्या जळगावकरांनी टाळ्या वाजवल्या. रतिलालभाईंना वाटलं, नाण्यांना.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी सर्वसाधारण सभा. मी मागच्या अंगणात होते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती, भरीत घोटलं जात होतं, वरण उकळत होतं आणि बट्ट्या निखाऱ्यातून निघायच्या बेतात होत्या. बट्टी फोडावी ती गरम असतानाच. निवली की तिचा धोंडा होतो. हार वांग्यांच्या टोपलीत, ओल्या फडक्यात. निवडणुकीला चहा पिण्याएवढा वेळ लागायचा, म्हणून मी आचाऱ्याला सांगितलं, काढा बट्ट्या, आणि हार घेऊन दारात उभी राहिले.

नेहमीप्रमाणे एका वकिलांनी उठून आबांचं नाव सुचवलं. नेहमीप्रमाणे आबा म्हणाले, नको, आता मला सोडा.

देवरे सरांनी पेन काढलं. "आबांनी नकार दिलेला आहे," ते म्हणाले, आणि लिहिलं. "पुढचं नाव?"

सभेचं असं झालं, की जिना उतरताना शेवटची पायरीच नसावी. वकील उभेच. ते म्हणाले, सर, आबा नको म्हणतातच. देवरे सर म्हणाले, हो, म्हणूनच लिहिलं. मग त्यांनी घटना उघडून कलम वाचून दाखवलं, की अध्यक्षपदाची इच्छा असलेल्या सभासदानं स्वतः उभं राहून ती सभेपुढं बोलून दाखवावी, एरवी त्याचं नाव धरू नये. कोणीतरी विचारलं, हे कोणी लिहिलं? सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा आढ्याकडे पाहत होते. पण मी दारात होते, मला त्यांची मान दिसत होती, आणि ती मान मोकळी होत चालली होती, जसं बैलाच्या खांद्यावरचं जू काढावं.

धुळेकरांनी संधी साधली. त्यांनी रतिलालभाईंचं नाव घेतलं. रतिलालभाईंनी हात जोडले, म्हणाले, अरे, मी कुठला, मी दुकानदार माणूस, कोणा विद्वानाला करा. हे त्यांनी फार सुरेख म्हटलं, डोळे मिटून. डोळे उघडेपर्यंत देवरे सरांनी लिहूनही टाकलं होतं. रतिलालभाई म्हणाले, नाही, म्हणजे, मी एकदाच म्हणालो. देवरे सर म्हणाले, एकदा पुरतं. रतिलालभाई धपकन खाली बसले आणि त्यांच्या खिशातली घंटी वाजली, टिंग.

जळगावकर इतके हसले की एकाला ठसका लागला. पण हसू ओसरलं तशी भीती बसू लागली. आता नाव कोणाचं घ्यावं? ज्याचं घ्यावं तो रीतीनं नको म्हणणार आणि हा भला माणूस लिहून घेणार. युसूफ मास्तरांचं नाव आलं. ते म्हणाले, भाऊ, मी खजिनदार आहे, मला मंडळाची हालत ठाऊक आहे. त्यांचं नको खरोखरच नको होतं, त्यामुळे ते लिहिताना कोणाला वाईट वाटलं नाही.

मग मागून, बायांच्या रांगेतून, धरणगावच्या भिकुबाई उठल्या. त्यांच्या ओव्या अक्कांनीच उतरवून घेतल्या होत्या, मग त्यांना सभासदही करून घेतलं होतं, आणि सभेत त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. म्हणाल्या, आमच्या पुष्पाबाई काय वाईट आहेत?

मी हारावरचं ओलं फडकं काढलं. अक्का टेबलाच्या कडेला कागद घेऊन बसल्या होत्या. त्यांचा चेहरा मला मुडावदच्या पाण्यात दिसला होता तसा झाला, अगदी क्षणभर. आणि मग त्यांच्या तोंडून निघालं तेच, जे आमच्या तोंडून निघायचं, आमच्या आयांच्या तोंडून निघत आलं.

"छे, मला कशाला?"

देवरे सरांचं पेन उचललं गेलं. अक्कांनी ते पेन पाहिलं. त्या पुढे काही म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. त्या दोनदा नको म्हणायला बसल्या होत्या, आणि त्यांना एकच मिळालं होतं. देवरे सरांनाही बहुतेक काहीतरी जाणवलं, कारण त्यांनी लगेच लिहिलं नाही. पण माणूस नियमाचा. त्यांनी शांतपणे सांगितलं, की इच्छुक कोणीच नसेल तर अध्यक्ष नाही, आणि अध्यक्ष नाही तर पुढच्या अधिवेशनाची जागा ठरवणारं कोणी नाही, म्हणजे घटनेप्रमाणे पुढच्या वर्षी अधिवेशनच नाही.

एवढे व्याख्याते एका मंडपात आणि कोणी बोलेना, असं आमच्या मंडळात कधी झालं नव्हतं. अंगणातून भरताचा वास येत होता. युसूफ मास्तर हळूच म्हणाले, "मंडळ बुडवायचं तर जेवून बुडवू. बट्ट्या निवतील."

तेव्हा आबा उठले. खुर्चीच्या पाठीला धरून उठले आणि आधी देवरे सरांना म्हणाले, शेवटचं नाव अजून लिहू नका. मग सभेकडे वळले.

"मी इतकी वर्षं नको म्हणत आलो, ते खरंच नको होतं," आबा म्हणाले. "मला रात्रीची गाडी झेपत नाही, भाषण झेपत नाही, नातवंडांत बसावंसं वाटतं. तुम्ही सगळे शहाणेसुरते. पण एकानंही विचारलं नाही, की आबा, खरंच नको का?"

सभा खाली पाहत होती. मीही. मला चहाची बशी आठवली आणि मऊ दोरा आठवला. पण आबा रागावलेले नव्हते. ते हसत होते, आणि त्यांना हसताना पाहून पहिल्या रांगेतले वकील हसले, मग रतिलालभाईही. सगळ्यांच्या मानेवरून काहीतरी उतरलं होतं.

आबा अक्कांकडे वळले. सभेत आम्ही सगळे पुस्तकी बोलायचो. ठराव, अनुमोदन, आभार, सगळं शुद्ध. आबांनी ते बाजूला ठेवलं आणि घरात बोलतात तसं विचारलं.

"पुष्पा, आते रीत र्‍हाऊ दे. खरं सांग. तुले काय पाह्यजे?"

अक्कांनी हातातले कागद टेबलावर ठेवले. मग चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मला वाटलं, आता पुन्हा छे म्हणतात की काय. हार हातात धरून मी दारातून दोन पावलं आत आले होते. भरीत, बट्टी, आचारी, सगळं मागे राहिलं होतं. भिकुबाई अजून उभ्याच होत्या. अक्कांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि वर्गात हजेरी देणाऱ्या मुलीसारख्या ताठ उभ्या राहिल्या.

"माले अध्यक्ष व्हनं शे, आबा," अक्का म्हणाल्या. "अन् पुढला साल सगळास्ले नदीवर लई जानं शे."